चालत्या ताऱ्यांचा छंद : उपग्रह-निरीक्षणाची ओळख

आकाशनिरीक्षण म्हटले की मोठी दुर्बीण, ताऱ्यांचे नकाशे आणि रात्ररात्र जागरण असे चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. वैद्यकीय व्यवसायातल्या माणसाला जागरणाची सवय असते, पण सवड नसते. म्हणून या स्मरणिकेसाठी मी मुद्दामच असा छंद निवडला आहे, की ज्याला सुरुवातीस दुर्बीण लागत नाही, नक्षत्रे पाठ असावी लागत नाहीत आणि एका वेळेस पाच-सहा मिनिटांहून अधिक वेळही द्यावा लागत नाही. तो छंद म्हणजे आकाशातून जाणारे कृत्रिम उपग्रह पाहणे. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत राहणाऱ्यांना तो विशेष सोयीचा आहे. त्याची कारणे पुढे येतीलच.

या विषयावर लिहावे असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. गेल्या काही वर्षांत दवाखान्यात येणारी माणसे मला आकाशाविषयी विचारू लागली आहेत. "डॉक्टर, काल रात्री दिव्यांची माळ एका रांगेत सरकत होती, ते काय?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. विचारणाऱ्याच्या स्वरात कधी कुतूहल असते, कधी भीती. काहींनी तर हा अपशकुन आहे का, असेही विचारले. आपल्या गावांतून डॉक्टरला सगळेच कळते, अशी लोकांची प्रेमळ समजूत असते. तिला जागायचे तर या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ असले पाहिजे. ती माळ म्हणजे स्टारलिंक नावाच्या दळणवळण-उपग्रहांचा नुकताच सोडलेला ताफा असतो. अशा ६० उपग्रहांची पहिली तुकडी मे २०१९ मध्ये अवकाशात गेली. सोडल्यानंतर पहिले काही दिवस ते एकामागोमाग एक, जवळजवळ चालतात. पुढे ते आपापल्या उंचीवर जातात, त्यांच्यातील अंतर वाढते आणि माळ विस्कटते.

उपग्रह दिसतो तो कसा?

उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्यावर दिवा लावलेला असतो आणि तोच आपल्याला दिसतो, हा समज चुकीचा आहे. चंद्राप्रमाणेच उपग्रहही सूर्याच्या उजेडाने चमकतो. हरमलच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहिला असेल, तर हे लगेच ध्यानात येईल. सूर्य समुद्राआड जातो, वाळूवर काळोख उतरू लागतो, तरी वरच्या ढगांवर लाली टिकून असते. कारण त्या उंचीवर सूर्य अजून मावळलेला नसतो. उपग्रह तर ढगांपेक्षा कितीतरी पट उंच असतो. आपल्याकडे अंधार आणि वर त्याच्याकडे ऊन, अशी स्थिती असते तेव्हाच तो दिसतो.

म्हणजे उपग्रह पाहण्याचे दोन काळ आहेत : तिन्हीसांज सरल्यानंतरचा आणि पहाट फुटण्यापूर्वीचा. मध्यरात्री खालच्या कक्षेतले बहुतेक उपग्रह पृथ्वीच्या सावलीत बुडालेले असतात. सुमारे ४२० किलोमीटर उंचीवरील उपग्रह आपल्या माथ्यावर असताना त्याला ऊन मिळण्यासाठी सूर्य क्षितिजाखाली २० अंशांहून अधिक गेलेला नसावा लागतो. गोव्यात सूर्य ताशी १४-१५ अंशांनी खाली जातो. म्हणून माथ्यावरून जाणारा असा उपग्रह सूर्यास्तानंतर साधारण दीड तासापर्यंतच दिसू शकतो. पश्चिमेच्या बाजूस असलेला आणखी थोडा वेळ. त्याहून उंच असलेले उपग्रह अधिक काळ प्रकाशात राहतात.

याच कारणाने पुष्कळदा उपग्रह आकाशाच्या मधोमध अचानक मंदावतो, किंचित तांबूस होतो आणि काही सेकंदांत दिसेनासा होतो. पहिल्यांदा पाहणारा चकित होतो. प्रत्यक्षात तो कोठेही गेलेला नसतो. पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. संध्याकाळी हे पूर्वेच्या बाजूस घडते. पहाटे याच्या उलट, सावलीतून बाहेर पडलेला उपग्रह मोकळ्या आकाशात एकाएकी उजळतो.

कोणते उपग्रह पाहावेत?

नवशिक्याने आरंभ करावा तो आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून. त्याचा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ रोजी सोडण्यात आला आणि २ नोव्हेंबर २००० पासून तेथे माणसांची वस्ती अखंड आहे. त्याची लांबी सुमारे १०९ मीटर, वेग सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर. सुमारे ९३ मिनिटांत ते पृथ्वीभोवती एक फेरी पुरी करते. जवळून जाताना ते शुक्राच्या तोडीचे तेजस्वी दिसते. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला या स्थानकावर गेले आणि जुलैच्या मध्यास परतले. स्थानकावर राहिलेले ते पहिले भारतीय. दुर्दैवाने ते दिवस ऐन पावसाळ्याचे असल्याने आपल्याकडे आकाश उघडे मिळणे दुर्मीळ होते. हे स्थानक २०३० च्या सुमारास निवृत्त करण्याचे ठरले आहे. ज्यांना ते मुलांना दाखवायचे असेल, त्यांनी फार दिवस ढकलू नयेत.

त्यानंतर चीनचे तिआनगाँग हे स्थानक. त्याचा मुख्य भाग एप्रिल २०२१ मध्ये सोडला गेला. ते आकाराने लहान असले तरी सहज दिसते. याखेरीज अवकाशात उपग्रह सोडून झाल्यावर मागे राहिलेले अग्निबाणांचे रिकामे टप्पे पुष्कळ आहेत. ते गडगडत जात असल्यामुळे काही सेकंदांच्या अंतराने तेज वाढते, घटते, पुन्हा वाढते. त्यांची ही लय मोजणे हा या छंदातील एक रंजक भाग आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे किंवा दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा उपग्रह दिसला, तर तो बहुधा ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेतला असतो. भूमीची छायाचित्रे घेणारे उपग्रह याच प्रकारचे. मार्च १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए पासून भारताने अशा उपग्रहांची मालिकाच उभी केली. डिचोली तालुक्यातील खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे आणि लाल मातीचे ढीग आपण ज्या उपग्रह-चित्रांत पाहतो, ती चित्रे घेणारे उपग्रह आपल्याच डोक्यावरून जातात.

काही उपग्रह मात्र कितीही वाट पाहिली तरी नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाहीत. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेले भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या स्वांग परिभ्रमणाबरोबर फिरतात, म्हणून आपल्या दृष्टीने ते एकाच जागी उभे असतात. हवामानाची चित्रे पाठवणारा इन्सॅट-३डीआर सप्टेंबर २०१६ मध्ये सोडण्यात आला आणि ७४ अंश पूर्व रेखांशावर ठेवण्यात आला. गोव्याचा रेखांशही जवळजवळ तोच. त्यामुळे त्याची जागा आपल्यासाठी अगदी दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ७२ अंश उंचीवर येते. मे २०२१ मधील तौक्ते वादळासारखी संकटे समुद्रातून येत असताना ज्या उंचीवरून त्यांच्यावर नजर ठेवली जाते, ती जागा आपल्या अंगणातून बोटाने दाखवता येते.

आपल्या अक्षांशाचा लाभ

पेडणे आणि डिचोली साडेपंधरा ते पावणेसोळा अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येतात. याचा उपग्रह पाहणाऱ्याला एक तोटा आहे आणि एक फायदा. लंडनला राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना जूनमध्ये सबंध रात्र अवकाश स्थानक दिसू शकते. कारण तेथे त्या दिवसांत सूर्य मध्यरात्रीही १५ अंशांहून खाली जात नाही. आपल्याला ती सोय नाही. पण हबल दुर्बीण त्यांना त्यांच्या घरून कधीही दिसत नाही आणि आपल्याला दिसते. एप्रिल १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या या दुर्बिणीच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल साडेअठ्ठावीस अंशांचा आहे. ती तेवढ्याच अक्षांशांपर्यंत उत्तर-दक्षिण जाते. लंडनच्या क्षितिजावर ती येतच नाही. आपल्या मात्र ती कधी कधी माथ्यावरून जाते. विश्वाविषयीच्या आपल्या ज्ञानात ज्या उपकरणाने एवढी भर घातली, ते उपकरण प्रत्यक्ष जाताना पाहण्यात एक निराळे समाधान आहे.

दुसरी गोष्ट हवामानाची. जून ते सप्टेंबर आपले आकाश ढगांनी भरलेले असते आणि ऑक्टोबरमध्येही संध्याकाळी गडगडाटी पावसाचा भरवसा नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. हवा कोरडी असते, अंधार लवकर पडतो आणि रात्री फार जागावे लागत नाही. चांदणे असले तरी अवकाश स्थानकासारखा तेजस्वी उपग्रह सहज दिसतो. कोजागिरीला, पेडण्याच्या पुनवेला, माणसे रात्री उशिरापर्यंत उघड्यावर असतात. त्या आठवड्यात स्थानकाची संध्याकाळची फेरी जुळून आली तर दाखवायला याहून मोठा समुदाय मिळणार नाही. मंद उपग्रहांसाठी मात्र अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत.

पहिली संध्याकाळ

कोणता उपग्रह, कोणत्या वेळी, कोठून दिसेल याचे भाकीत आज संगणकावर वा मोबाइलवर विनामूल्य मिळते. मी 'हेवन्स अबव्ह' हे संकेतस्थळ वापरतो. तेथे आपल्या गावाचे स्थान एकदा नोंदवले, की पुढील काही दिवसांचा तक्ता समोर येतो. स्थान काळजीपूर्वक नोंदवावे. पणजीसाठी काढलेला तक्ता डिचोलीत चालतो, मुंबईसाठीचा चालत नाही.

तक्त्यातील तीन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली तेजस्विता, म्हणजे 'प्रत'. हिचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. व्याधाची प्रत उणे दीडच्या जवळ आहे. अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. पहिल्या दिवसासाठी उणे दोन किंवा त्याहून तेजस्वी फेरी निवडावी. दुसरी गोष्ट दिशा, आणि तिसरी उंची, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन. क्षितिज शून्य अंश, माथा नव्वद. हात ताठ समोर धरून मूठ वळली, तर मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. बोटे फाकून केलेली वीत सुमारे २० अंश. ध्रुव तारा आपल्याकडे उत्तर क्षितिजावर दीड मूठ उंच असतो. तो एकदा ओळखला, की चारही दिशा पक्क्या होतात.

समजा, तक्त्यात असे लिहिले आहे : आरंभ ७ वाजून २ मिनिटे, नैर्ऋत्य, १० अंश, सर्वाधिक उंची ७ वाजून ५ मिनिटे, वायव्य, ६२ अंश, शेवट ७ वाजून ७ मिनिटे, ईशान्य, ३० अंश. याचा अर्थ असा, की घड्याळ बरोबर लावून सात वाजता बाहेर यावे आणि समुद्राच्या बाजूस, नैर्ऋत्येला, क्षितिजापासून मूठभर उंचीवर लक्ष ठेवावे. माडांचे शेंडे आड येत असतील तर मिनिटभर थांबावे लागेल. मग एक पिवळसर-पांढरा ठिपका आवाज न करता, न लुकलुकता वर चढू लागेल. वायव्येकडे माथ्यापासून थोडे खाली राहून ईशान्येकडे झुकेल आणि तेथे तीन मुठींच्या उंचीवर सावलीत विरून जाईल. शेवटची उंची ३० अंश असणे याचा अर्थच तो क्षितिजावर मावळण्यापूर्वी सावलीत शिरणार आहे.

अवकाश स्थानक आपल्याकडे साधारणपणे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. पूर्वेकडून पश्चिमेकडे ते कधीच जात नाही. त्याच्या संध्याकाळच्या फेऱ्या काही दिवस ओळीने दिसतात, मग खंड पडतो, मग पहाटेच्या सुरू होतात. हे आवर्तन सुमारे दोन महिन्यांचे असते. म्हणून एका आठवड्यात तक्ता रिकामा दिसला तर निराश होऊ नये.

विमान आणि उपग्रह यांतील फरक पेडणेकरांनी तरी प्रथमच शिकून घ्यावा. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यापासून या तालुक्याच्या आकाशात हलणारे दिवे पुष्कळ झाले आहेत. विमानाला तांबडे, हिरवे आणि उघडझाप करणारे पांढरे दिवे असतात आणि बहुधा थोड्या वेळाने आवाजही येतो. उपग्रहाला रंगीत दिवे नसतात, आवाज तर नसतोच. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. आणि उपग्रह किंवा अग्निबाणाचा टप्पा वातावरणात शिरून जळत असेल, तर त्याचे अनेक तुकडे शेपट्यांसह एकाच दिशेने सावकाश जाताना दिसतात.

हा शेवटचा प्रकार महाराष्ट्राने पाहिला आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भापासून गुजरातपर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारी रांग पाहिली. कोणी उल्कापात म्हटले, कोणी विमान कोसळले म्हटले, कोणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे पडले. आसपास धातूचे गोळेही सापडले. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी अग्निबाणाचा टप्पा असल्याचे अभ्यासकांनी कक्षेच्या नोंदींवरून ओळखले. ११ जुलै १९७९ रोजी अमेरिकेची स्कायलॅब ही प्रयोगशाळा कोसळली, तेव्हा भारतातल्या गावागावांतून पसरलेली घबराट आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. तिचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. या दोन प्रसंगांमध्ये ४३ वर्षे गेली, आणि दुसऱ्या वेळेस काही तासांतच खरे उत्तर मिळाले, ते आकाशातील वस्तूंची रोज नोंद ठेवणाऱ्या माणसांमुळे.

डोळा हेच उपकरण

या छंदात मुख्य उपकरण डोळा. त्याविषयी डॉक्टर मंडळींना मी काय सांगावे? तरीही पाठ्यपुस्तकातील शरीरक्रिया अंगणात कशी अनुभवास येते, ते नमूद करण्यासारखे आहे.

उजेडातून अंधारात आल्यावर शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत जुळवून घेतात. दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन पूर्ववत होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. अवकाश स्थानकासाठी एवढे थांबण्याची गरज नाही. पण चौथ्या-पाचव्या प्रतीचे उपग्रह पाहायचे तर अर्धा तास अंधारात बसावे. या काळात मोबाइलचा पांढरा उजेड डोळ्यांवर पडला, की सगळी कमाई गेली. टॉर्चवर तांबडा कागद बांधावा, कारण दंडपेशींना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही. फोव्हियात दंडपेशी नसतात. म्हणून मंद उपग्रहाकडे थेट न पाहता त्याच्या किंचित बाजूला पाहावे. थेट पाहताना नाहीसा झालेला ठिपका बाजूला पाहताच परत येतो. विद्यार्थिदशेत पाठ केलेली ही गोष्ट अनुभवण्यात गंमत आहे.

दुसरा अनुभव भ्रमाचा. अंधारात एकट्याच ताऱ्याकडे टक लावून पाहिले, तर तो हलत असल्याचा भास होतो. आजूबाजूला संदर्भासाठी काही नसल्यामुळे डोळ्याच्या सूक्ष्म हालचाली मेंदू ताऱ्याच्या नावावर टाकतो. 'तारा जागेवर थरथरत होता' अशा अनेक कथांचे मूळ येथे आहे. उपाय सोपा : माडाच्या झावळीच्या किंवा छपराच्या कडेशी ताऱ्याची जागा जुळवून पाहावी. उपग्रह असेल तर अंतर बदलेल, तारा असेल तर दोन-चार मिनिटांत जाणवण्याइतके बदलणार नाही.

दुर्बीण कोणती घ्यावी, हे मला हमखास विचारले जाते. आरंभी घेऊच नये. पुढे घ्यावीशी वाटली तर साधी द्विनेत्री घ्यावी. ७×५० म्हणजे सातपट वर्धन आणि ५० मिलिमीटर व्यासाचे भिंग. तिच्यातून बाहेर येणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास ५० भागिले ७, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. तरुणाची बाहुली अंधारात तेवढी विस्फारते. पन्नाशी ओलांडलेल्याची बहुधा नाही, आणि मग उरलेला प्रकाश वाया जातो. आमच्या वयाच्या लोकांना १०×५० बरी, कारण तिची शलाका ५ मिलिमीटरची असते. चष्मा असेल तो लावूनच पाहावे. तारे फुटल्यासारखे, काटेरी दिसत असतील तर दृष्टिदोष किंवा मोतीबिंदूची सुरुवात तपासून घ्यावी. आणि घरातील इतर सर्वांना दिसणारे ठिपके एखाद्या मुलाला सांजवेळी दिसतच नसतील, तर रातांधळेपणाचा विचार मनात यावा. सप्तर्षींतील वसिष्ठाजवळची अरुंधती पाहण्याची आपली जुनी रीत ही एक प्रकारची नेत्रपरीक्षाच होती.

पाहिले ते लिहून ठेवावे

नुसते पाहणे दोन-तीन आठवड्यांत जुने होते. छंद टिकतो तो नोंदींमुळे. माझी वही साधी आहे. तारीख, उपग्रहाचे नाव, भाकिताची वेळ, प्रत्यक्ष दिसल्याची वेळ, कोणत्या ताऱ्याजवळून गेला, तेज स्थिर की बदलते, सावलीत केव्हा शिरला, आणि आकाशाची स्थिती. रुग्णाच्या केसपेपरशी तिचे साम्य आहे, हे सांगायला नकोच. ज्याला अधिक काटेकोर व्हायचे असेल त्याने दोन ओळखीच्या ताऱ्यांमधून उपग्रह जातो तो क्षण स्टॉपवॉचने टिपावा. येथे आपल्या प्रतिक्रिया-काळाचा प्रश्न येतो. १७९६ मध्ये ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मास्केलाइन यांनी डेव्हिड किनब्रुक या मदतनिसाला कामावरून काढले; कारण त्याच्या वेळा साहेबांच्या वेळांपेक्षा सेकंदाच्या आठ-दशांशाने मागे पडत. पुढे बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले, की असा फरक प्रत्येक दोन निरीक्षकांत असतोच. मानसशास्त्रातील प्रतिक्रिया-काळाच्या अभ्यासाला या घटनेने चालना दिली.

हौशी लोकांच्या नोंदींना किंमत असते का? इतिहास 'असते' असे सांगतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आकाशात गेला. त्या वेळी आपला गोवा पोर्तुगीज अमलाखालीच होता. अमेरिकेत फ्रेड व्हिपल यांनी 'मूनवॉच' या नावाने हौशी निरीक्षकांची पथके आधीच उभी केली होती. आरंभीच्या दिवसांत उपग्रहांच्या कक्षा निश्चित करण्यात या पथकांच्या नोंदींचा मोठा वाटा होता. त्याच योजनेतील मोठ्या बेकर-नन कॅमेऱ्यांपैकी एक भारतात, नैनिताल येथे बसवण्यात आला होता. इंग्लंडमध्ये केटरिंग येथील शाळेचे शिक्षक जेफ्री पेरी यांनी विद्यार्थ्यांसह रशियन उपग्रहांचे रेडिओ-संकेत ऐकून १९६६ मध्ये असे अनुमान काढले, की रशियाने जाहीर न केलेले एक उड्डाणकेंद्र कार्यरत आहे. ते प्लेसेत्स्क होते. डिसेंबर २००५ मध्ये संपर्क तुटलेला नासाचा 'इमेज' हा उपग्रह जिवंत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातील स्कॉट टिली या हौशी निरीक्षकाने शोधून काढले. या लोकांजवळ मोठ्या प्रयोगशाळा नव्हत्या. ते नियमितपणे पाहत वा ऐकत होते आणि लिहून ठेवत होते, एवढेच.

आपल्याकडे मार्गदर्शनासाठी असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी ही संस्था आहे. पणजीतील जुन्ता हाऊसच्या गच्चीवर तिने लोकांसाठी वेधशाळा चालवली आहे. तेथे मुलांना आवर्जून न्यावे.

अंधार राखण्याची गोष्ट

शेवटी मला ज्याची चिंता वाटते, त्याविषयी. या छंदाला एकच वस्तू लागते, ती म्हणजे काळोख, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत कमी होत आहे. मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यातील किनाऱ्यांवर हंगामात रात्रभर दिवे असतात. मोपाच्या पठारावरचा उजेड दूरवरून क्षितिजावर जाणवतो. दिव्यांना विरोध करण्याचे कारण नाही. रस्ता आणि रुग्णालय उजळलेले हवेतच. आक्षेप आहे तो आकाशाकडे फेकल्या जाणाऱ्या उजेडाला. दिव्याला वरून टोपी असावी, उजेड जमिनीवर पडावा आणि गरज संपल्यावर तो मालवावा, एवढे पुरे आहे. मोरजीच्या वाळूत अंडी घालणाऱ्या सागरी कासवांची पिल्लेही हेच मागतील. अंड्यातून बाहेर आल्यावर ती उजळ क्षितिजाकडे धावतात. ते क्षितिज पूर्वापार समुद्राचे असे. आता किनाऱ्यावरील दिवे त्यांना उलट दिशेला ओढतात. रात्रीच्या प्रखर उजेडाचा मेलाटोनिनवर आणि झोपेवर होणारा परिणाम तर आपण रुग्णांत पाहतच असतो.

आकाशातही गर्दी वाढते आहे. एकट्या स्टारलिंकचे आठ हजारांहून अधिक उपग्रह २०२५ पर्यंत कक्षेत होते. उपग्रह पाहणाऱ्याला याचा आनंद व्हावा. पण दूरच्या तारकांचा अभ्यास करणाऱ्यांच्या छायाचित्रांवर त्यांच्या रेघा उमटतात, हेही आपण जाणून असावे. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ हे दोन उपग्रह एकमेकांवर आदळून त्यांचे हजारो तुकडे झाले. कक्षेतील जागासुद्धा अमर्याद नाही, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

डिचोलीत मये, साळ, मेणकुरे, लाटंबार्से, तसेच पेडण्यात डोंगराच्या बाजूची गावे येथे अजून बरा काळोख आहे. तो आहे तोवर एक करावे, असे मी सुचवतो. आपल्या संस्थेच्या हिवाळ्यातील एखाद्या आरोग्य शिबिराची तारीख ठरवताना अवकाश स्थानकाच्या फेरीचा तक्ता जवळ ठेवावा. शिबिर संपल्यावर गावातील लोकांना मैदानात बोलवावे आणि सांगावे, की अमुक वाजून अमुक मिनिटांनी, या माडाच्या डावीकडून, एक तेजस्वी ठिपका निघेल, त्यात माणसे आहेत, आणि तो अमुक ठिकाणी विझेल. सांगितल्या मिनिटाला तो निघतो आणि सांगितल्या जागी विझतो, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. शकुन-अपशकुनाविरुद्ध दिलेल्या व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम अधिक टिकतो, असा माझा अनुभव आहे. ज्याने आकाशातील हलता दिवा आधी वेळ सांगून उगवताना पाहिला आहे, तो पुढच्या वेळी दिव्यांची माळ दिसली तर घाबरून दार लावून घेणार नाही. घड्याळात वेळ पाहील आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला येऊन सांगेल.